लेकीला सूत्रं पाठ होत नाहीत, क्लास लावू का?

पत्र:

मॅडम, नमस्कार. मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या डाईंगमध्ये कामाला आहे. शिक्षण दहावीपर्यंत. मुलगी नववीत, सेमीला. गणितात चांगली आहे, पण रासायनिक सूत्रं आली की रडकुंडीला येते. गाइडमधला सूत्रांचा मोठा तक्ता तिने भिंतीला चिकटवलाय. सकाळी घोकते, संध्याकाळी विसरते. चाचणीत जवळजवळ सगळी सूत्रं चुकली. तिची उत्तरं उतरवून पाठवतोय. मॅग्नेशिअम क्लोराइड: एमजीसीएल. ॲल्युमिनिअम ऑक्साइड: एएल३ओ२. कॅल्शिअम हायड्रॉक्साइड: सीएओएच२. अमोनिअम सल्फेट: एनएच४एसओ४. आणि एनए२एस याचं नाव लिहिलं सोडिअम सल्फेट. मी रोज पोत्यानं सोडा ॲश आणि कॉस्टिक ओततो, पण पोरीला त्याचं सूत्र सांगता येत नाही, वाईट वाटतं. क्लास लावू का? का तिला विज्ञान झेपणारच नाही?
एक वडील, सोलापूर

उत्तर:

नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ती पाच चुकलेली उत्तरं. पालक मला गुण कळवतात, टक्के कळवतात. मूल नेमकं काय लिहून आलं हे फार थोडे जण बघतात. तुम्ही बसून ती उतरवलीत, म्हणून मला ठामपणे सांगता येतंय की विज्ञान न झेपण्याचं एकही लक्षण त्यात नाही. निदान दोन उत्तरांत तर तिला हवी ती सगळी माहिती होती. ती कुठे मांडायची, एवढंच तिला कुणी दाखवलेलं नाही.

भिंतीवरचा तक्ता मात्र आजच काढा. सूत्र ही पाठ करायची गोष्टच नाही, ते दर वेळी नव्याने काढायचं असतं. पाठ करायचे असतात ते आयन, म्हणजे विद्युतप्रभार असलेले अणू किंवा अणूंचे गट, आणि त्यांच्यावरचा प्रभार. हिशेब बघा: नववीला साधारण १५ धन आयन आणि १२ ऋण आयन आले तरी काम भागतं. म्हणजे पाठांतर २७ गोष्टींचं. त्यांच्या जोड्या होतात १८०. त्यातली प्रत्येक जोडी बाटलीत भरून मिळतेच असं नाही, पण सूत्र प्रत्येकीचं लिहिता येतं. तक्ता घोकणारी मुलगी त्या १८० पैकी काहींच्या मागे धावते आणि तेवढीही हाती लागत नाहीत, कारण सगळी एकमेकांसारखी दिसतात.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. सूत्रं आपण मोठ्याने वाचतो तशीच मी इथे देवनागरीत लिहितेय. लेकीच्या वहीत ती इंग्रजी अक्षरांत येतील आणि अंक अक्षराच्या उजवीकडे, खाली, बारीक. सोडिअमसाठी एनए, पोटॅशिअमसाठी के, लोहासाठी एफई ही अक्षरं नावाशी जुळत नाहीत, कारण ती त्या मूलद्रव्यांच्या लॅटिन नावांवरून घेतलेली आहेत. एवढी मोजकी आठ-दहा तिला सवयीनेच लक्षात ठेवावी लागतील, त्याला इलाज नाही.

आता आयन. सोडिअमच्या अणूत ११ प्रोटॉन आणि ११ इलेक्ट्रॉन असतात. सगळ्यात बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो सहज सुटतो. तो गेला की प्रोटॉन ११ आणि इलेक्ट्रॉन १०, म्हणजे एक धन प्रभार जास्तीचा. हा सोडिअम आयन, एनए १+. क्लोरीनच्या बाहेरच्या कक्षेत ७ इलेक्ट्रॉन असतात. आठवा मिळाला की त्याचा क्लोराइड आयन होतो, सीएल १−. मॅग्नेशिअम आणि कॅल्शिअम दोन इलेक्ट्रॉन सोडतात, ॲल्युमिनिअम तीन, ऑक्सिजन दोन घेतो. शाळेत याच आकड्याला संयुजा किंवा व्हॅलन्सी म्हणतात, पण तिथे बरेचदा नुसता आकडा पाठ होतो आणि चिन्ह गळतं. लेकीला आकडा आणि चिन्ह कायम जोडीनेच म्हणायला लावा: मॅग्नेशिअम अधिक दोन, क्लोराइड उणे एक.

यापुढे नियम एकच आहे. संयुगातल्या सगळ्या धन आणि ऋण प्रभारांची बेरीज शून्य आली पाहिजे. मिठाच्या एका खड्यात धन आयन आणि ऋण आयन ठासून भरलेले असतात, तरी खडा स्वतः प्रभाररहित असतो. सूत्र म्हणजे ही बेरीज शून्य करणारं आयनांचं सगळ्यात लहान प्रमाण.

हे प्रमाण आहे, हे तिला नीट समजू द्या. पुस्तकात रेणुसूत्र असा शब्द येतो आणि मुलांना वाटतं की मिठात एक सोडिअम, एक क्लोरीन अशा जोड्या सुट्या फिरत असतात. तसं नाही. १९१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली. तिथे प्रत्येक सोडिअमभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम निघाले, सगळीकडे तीच मांडणी. वेगळा काढता येईल असा मिठाचा रेणूच तिथे नाही. म्हणून एनएसीएलचा अर्थ इतकाच: जितके सोडिअम आयन, तितकेच क्लोराइड.

आता लेकीच्या चुका घेते.

एमजीसीएल. मॅग्नेशिअम २+, क्लोराइड १−. बेरीज १+ उरते. एक क्लोराइड आणखी हवा, म्हणून एमजीसीएल२. तिने दोन्ही आयन बरोबर ओळखले, फक्त बेरीज केली नाही.

एएल३ओ२. हे उत्तर वाचून मला बरं वाटलं. ३ आणि २ हे आकडे तिला आपोआप सुचलेले नाहीत. ॲल्युमिनिअमचा ३ आणि ऑक्साइडचा २ तिला ठाऊक आहे. ज्याचा आकडा त्याच्याच खाली लिहिला, एवढंच चुकलं. शाळेत यासाठी तिरकस गुणाकार शिकवतात: याचा आकडा त्याला, त्याचा याला. पद्धत चुकीची नाही, पण मला ती फारशी आवडत नाही. मुलं बाण काढतात आणि का काढले ते विसरतात. मग परीक्षेच्या घाईत बाण कुठल्या बाजूला जायचा तेही विसरतात. शिवाय मॅग्नेशिअम ऑक्साइडला ही पद्धत लावली की एमजी२ओ२ येतं आणि ते परत लहान करावं लागतं. ते राहिलं की गुण गेला.

तुमची लेक गणितात चांगली आहे ना? मग तिला लसावि काढायला सांगा. ॲल्युमिनिअम ३, ऑक्साइड २, लसावि ६. धन प्रभार ६ व्हायला ॲल्युमिनिअम किती हवेत? दोन. ऋण ६ व्हायला ऑक्साइड किती? तीन. एएल२ओ३. मॅग्नेशिअम २, ऑक्साइड २, लसावि २, म्हणून एकास एक, एमजीओ. वेगळं लहान करायची गरजच उरत नाही. लिहून झाल्यावर उलटी ताळा करायची. तिच्या एएल३ओ२ ची ताळा बघा: ३ गुणिले ३ म्हणजे ९ धन, २ गुणिले २ म्हणजे ४ ऋण. जमत नाही. एवढी ताळा तिने पेपरात केली असती तर चूक तिची तिलाच सापडली असती. खालच्या वर्गातलं गणित इथे नववीत कामाला येतं, हे तिला कळलं की निम्मी भीती जाईल.

सीएओएच२ इथे कंस राहिला. ऑक्सिजन आणि हायड्रोजन मिळून हायड्रॉक्साइड हा एक अखंड आयन होतो, ओएच १−. कॅल्शिअम २+, म्हणून हायड्रॉक्साइड दोन हवेत. कंस नसेल तर तो २ नुसत्या एचला लागतो: एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन. कंस घातला, सीए(ओएच)२ लिहिलं, की ऑक्सिजनही दोन आणि हायड्रोजनही दोन. असा अनेक अणूंचा आयन एकाहून जास्त वेळा आला तरच कंस. तुमच्या कॉस्टिकचं, म्हणजे सोडिअम हायड्रॉक्साइडचं, सूत्र एनएओएच. तिथे हायड्रॉक्साइड एकच आहे, म्हणून कंस नको. सीएसीएल२ मध्येही नको, कारण क्लोराइड हा एकट्या अणूचा आयन आहे.

कंसाचा सराव करायला आणखी एक उदाहरण तुमच्या रोजच्या बघण्यातलं आहे. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शिअम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. बायकार्बोनेट एचसीओ३ १−, म्हणून सूत्र सीए(एचसीओ३)२. पाणी उकळलं की त्याचं कॅल्शिअम कार्बोनेट होऊन तळाशी बसतं आणि पाणी व कार्बन डायऑक्साइड सुटतात. कार्बोनेट सीओ३ २−, कॅल्शिअम २+, म्हणून सीएसीओ३, कंस नाही. बॉयलरच्या नळ्यांत जमणाऱ्या पांढऱ्या थरात मुख्यतः हेच असतं. एकाच कॅल्शिअमची दोन सूत्रं, एकात कंस, एकात नाही. का, ते लेकीला सांगू द्या.

एनएच४एसओ४. इथली चूक मॅग्नेशिअम क्लोराइडसारखीच आहे, फक्त उलट्या बाजूने. अमोनिअम १+, सल्फेट २−, म्हणून अमोनिअम दोन: (एनएच४)२एसओ४. अमोनिअमवर अधिक १ आहे हे मुलांच्या ध्यानात राहत नाही, कारण बाकीचे धन आयन बहुतेक धातूंचे असतात आणि हा एकटा नायट्रोजन आणि हायड्रोजनचा. आतला ४ हा त्या आयनाचा स्वतःचा आहे, त्याला कधीच हात लावायचा नाही.

पाचवी चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ती नावाची आहे. एनए२एस म्हणजे सोडिअम सल्फाइड. तिने सल्फेट लिहिलं. परीक्षेत एक गुण गेला, पण तुमच्या कामाच्या जागी या दोन नावांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सोडिअम सल्फेट म्हणजे तुमचं ग्लॉबर सॉल्ट, एनए२एसओ४. रंग सुतावर चढावा म्हणून टाकतात ते. त्यात विशेष धोका नाही. सोडिअम सल्फाइड हे सल्फर रंगांसाठी वापरतात, सल्फर ब्लॅकच्या रंगाईत. ते कातडीला भाजतं, आणि त्यात ॲसिड मिसळलं की हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. वायू जास्त झाला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं, गेला वायू. हा वायू जीव घेतो. या दोघांच्या मध्ये सोडिअम सल्फाइटही आहे, एनए२एसओ३. सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट. पोत्यावरचं शेवटचं अक्षर नीट वाचलं नाही, तर काय होऊ शकतं हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

म्हणून शेवटचा उच्चार तिला कानाने पक्का ऐकायला शिकवा. शेवटी आइड असेल तर ऋण आयन एकाच मूलद्रव्याचा: क्लोराइड, ऑक्साइड, सल्फाइड, नायट्राइड. हायड्रॉक्साइड आणि सायनाइड हे याला अपवाद, ते पाठच करायचे. एट किंवा आइट असेल तर त्यात ऑक्सिजन आहे. एकाच मूलद्रव्याच्या अशा जोडीत एटमध्ये ऑक्सिजन जास्त, आइटमध्ये एकने कमी, आणि प्रभार दोन्हींवर तोच. सल्फेट एसओ४ २−, सल्फाइट एसओ३ २−. नायट्रेट एनओ३ १−, नायट्राइट एनओ२ १−. क्लोरीनची मात्र चौघांची रांग आहे: सीएलओ हायपोक्लोराइट, सीएलओ२ क्लोराइट, सीएलओ३ क्लोरेट, सीएलओ४ परक्लोरेट, सगळ्यांवर १−. तुमच्या ब्लीचिंगमधलं सोडिअम हायपोक्लोराइट यातलंच, एनएसीएलओ.

आणि इथे बाजारातल्या नावांपासून सावध राहा. हायपोक्लोराइटला लोक हायपो म्हणतात. पण क्लोरीन मारायला वापरतात त्या सोडिअम थायोसल्फेटलाही हायपोच म्हणतात, त्याचं सूत्र एनए२एस२ओ३. एक ब्लीच करतं, दुसरं ब्लीच थांबवतं. व्हॅट रंगाचं तुमचं हायड्रो पोत्यावर सोडिअम हायड्रोसल्फाइट असतं, सूत्र एनए२एस२ओ४, आणि नावात हायड्रो असून त्यात हायड्रोजन नाही. अशा गोंधळाला कंटाळूनच १७८७ मध्ये पॅरिसमध्ये गितों द मोर्व्हो, लव्हाझिए, बर्थोले आणि फुर्क्रुआ या चौघांनी संयुगांना घटकांवरून नावं देण्याची पद्धत मांडली. आज लेक शिकतेय ती तिचीच पुढची अवस्था. नाव ऐकलं की आत काय आहे ते कळावं आणि आत काय आहे ते माहीत असलं की नाव बनवता यावं, एवढ्यासाठी ती आहे.

सूत्रावरून नाव देताना आणखी एक चूक हमखास होते. सीएसीएल२ ला कॅल्शिअम डायक्लोराइड म्हणायचं नाही. आयनिक संयुगात किती आयन ते प्रभारावरून ठरतंच, म्हणून नावात डाय, ट्राय येत नाही. ते कार्बन डायऑक्साइडसारख्या सहसंयुज संयुगांसाठी, जिथे अणू इलेक्ट्रॉन वाटून घेऊन जोडलेले असतात. तुमचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ॲसेटिक ॲसिडही आयनिक नाही, त्यांना ही लसाविची रीत लावायला जाऊ नका.

काही धातू मात्र एकाच प्रभारावर थांबत नाहीत. लोह २+ही होतं आणि ३+ही. तांबं १+ आणि २+. लोहाच्या २+ ला फेरस आणि ३+ ला फेरिक म्हणतात. तांब्याच्या १+ ला क्युप्रस, २+ ला क्युप्रिक. कमी प्रभाराला अस, जास्तीला इक. यात अडचण अशी की फेरस म्हणजे २ आणि क्युप्रस म्हणजे १, दर धातूला वेगळं लक्षात ठेवावं लागतं. त्यामुळे आल्फ्रेड श्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१९ मध्ये सुचवलं की प्रभाराचा आकडाच कंसात रोमन अंकात लिहावा. आता तीच पद्धत चालते: आयर्न, कंसात रोमन तीन, ऑक्साइड. तिच्या पुस्तकात दोन्ही भेटतील, आणि औषधाच्या दुकानात लोहाच्या गोळीच्या पाकिटावर अजून फेरसच लिहिलेलं असतं.

इथे लेकीला शोध घ्यायला मजा येईल. एफई२ओ३ दिलंय, लोहावर किती? लोहाचं नक्की नाही, पण ऑक्साइड नक्की २−. तीन ऑक्साइड, एकूण ६ ऋण. मग दोन लोहांवर मिळून ६ धन, एकावर ३. फेरिक ऑक्साइड. सीयूएसओ४ घ्या: सल्फेट एकच, २−, म्हणून तांबं २+, कॉपर टू सल्फेट. हेच आपलं मोरचूद. सांगोल्याकडचे डाळिंबवाले चुन्यात मिसळून बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक करतात, ते याचंच. दुकानातल्या निळ्या खड्यांत प्रत्येक कॉपर सल्फेटमागे पाण्याचे पाच रेणू असतात, म्हणून पूर्ण सूत्रात सीयूएसओ४ नंतर मध्यभागी टिंब आणि मग ५एच२ओ येतं. टिंबाच्या पुढचं पाणी प्रभाराच्या हिशेबात धरायचं नाही.

आता तुमचा भाग. दहावीपर्यंत शिकलेल्या वडिलांना हे शिकवता येईल का? येईल, आणि त्यासाठी तुम्हाला एकही सूत्र माहीत असायची गरज नाही. चौकटीच्या वहीचे कागद आणि टॉवेलच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. प्रत्येक आयनाची पट्टी कापा. प्रभार एक असेल तर पट्टी एक चौकट लांब, दोन असेल तर दोन, तीन असेल तर तीन. धन आयन एका रंगाने, ऋण दुसऱ्या. प्रत्येकाच्या चार-पाच पट्ट्या करा. वर धन, खाली ऋण, आणि दोन्ही ओळींची लांबी सारखी होईपर्यंत पट्ट्या लावत जायच्या. ॲल्युमिनिअमच्या दोन आणि ऑक्साइडच्या तीन लागल्या की सहा चौकटींवर दोन्ही कडा जुळतात. जुळल्या का, एवढंच तुम्ही बघायचं. सूत्र ती लिहील.

आयन थोडे थोडे घ्या. पहिल्या आठवड्यात एकचे: सोडिअम, पोटॅशिअम, चांदी, अमोनिअम, समोर क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड, हायड्रॉक्साइड, नायट्रेट, बायकार्बोनेट. हे जमले की दोनचे: मॅग्नेशिअम, कॅल्शिअम, बेरिअम, जस्त, समोर ऑक्साइड, सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट, कार्बोनेट. मग तीनचे, ॲल्युमिनिअम आणि फॉस्फेट. लोह आणि तांबं अगदी शेवटी. घाई करू नका. एकचे पक्के झाले नसताना तीनवर उडी मारली की पुन्हा घोकंपट्टी सुरू होते.

पट्ट्यांवर ती सरावली की तुमच्या कामाचा उपयोग करा. पोत्यांवरच्या आणि कॅनवरच्या लेबलांचे फोटो मोबाइलवर काढून आणा. लेकीने नाव वाचायचं, आयन वेगळे करायचे, सूत्र काढायचं, आणि लेबलवर सूत्र असेल तर ताडून बघायचं. सोडा ॲश म्हणजे सोडिअम कार्बोनेट, तेव्हा एनए२सीओ३. घरातला खाण्याचा सोडा सोडिअम बायकार्बोनेट, तेव्हा एनएएचसीओ३. एकात सोडिअम दोन का आणि दुसऱ्यात एकच का, हे तिने तुम्हाला समजावून सांगितलं तर समजा, जमलं.

फोटोच आणा. माल आणू नका, चिमूटभरही नाही, रिकामी पोतीही नाहीत. कॉस्टिक डोळ्यात गेलं तर डोळा जातो, हायड्रो ओलाव्याने तापून पेट घेतं, आणि हायपोक्लोराइटमध्ये ॲसिड पडलं तर क्लोरीन निघतो. हे तुम्हाला नवीन नाही, पण लेकीच्या कुतूहलापायी माणूस एखादी पुडी खिशात टाकतो, म्हणून लिहितेय.

क्लासचं म्हणाल तर आत्ता लावू नका. महिनाभर पट्ट्या आणि लेबलं चालू द्या. त्यानंतर तिला ही पाच द्या: पोटॅशिअम सल्फाइड, झिंक नायट्रेट, ॲल्युमिनिअम सल्फेट, कॅल्शिअम फॉस्फेट, फेरिक क्लोराइड. उत्तरं अशी यायला हवीत: के२एस, झेडएन(एनओ३)२, एएल२(एसओ४)३, सीए३(पीओ४)२, एफईसीएल३. आकडे जमले आणि कंस चुकला तर काळजी नको, तो सरावाने येतो. आकडेच जमत नसतील तर चूक पट्टीतच आहे का बघा. कुठल्या आयनाची लांबी तिने चुकीची धरली ते लगेच दिसेल आणि तेवढाच आयन पुन्हा पक्का करता येईल.

तरीही शिकवणी लावावीशी वाटली, तर फी भरण्याआधी एकदा तिच्यासोबत तासाला बसा. शिकवणारे फळ्यावर आधी आयन आणि प्रभार लिहून मग सूत्र काढत असतील, तर खुशाल पाठवा. पहिल्याच दिवशी पाठ करायला सूत्रांचा तक्ता हातात दिला, तर तो तुमच्याकडे आधीच होता.